ऊन पाहून बाग निवडा

वर्धा बघायला येणारे बहुतेक जण यादी घेऊन येतात. सेवाग्राम, पवनार, गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप, मगन संग्रहालय. नागपूरहून चहा-नाश्ता आटोपून दहाला निघायचं, पाचही ठिकाणं उरकायची आणि रात्रीच्या जेवणाला परत घरी. यादी ठीकच असते, गडबड वेळेची होते. दहाला निघालेली मंडळी भर दुपारी गीताई मंदिराच्या दगडी शिळांपुढे उभी राहतात. तिथे डोक्यावर छप्पर नाही आणि ते मुद्दामच ठेवलेलं नाही. मग दहा मिनिटांत सगळे गाडीच्या एसीत परत येतात आणि ‘बघण्यासारखं काही नाही’ असा निकाल लागतो.

ही ठिकाणं लोक इतिहासासाठी बघतात, आणि ते योग्यच आहे. पण एकदा ती बागा म्हणून बघून पाहा. म्हैसूरच्या वृंदावनातली कारंजी इथे मिळणार नाहीत, दिल्लीच्या अमृत उद्यानातले ट्युलिपही मिळणार नाहीत. इथल्या चांगल्या बागा कुणी बाग म्हणून आखलेल्याच नाहीत. कुणी राहायला कुटी बांधली, कुणी तब्येत सुधारावी म्हणून शेत खणलं, कुणी स्मारक उभारलं आणि त्याच्या आजूबाजूला झाडं वाढत गेली. विदर्भाच्या उन्हात या जागांची खरी मिळकत सावली हीच आहे. म्हणून इथे फिरताना आधी ऊन कुठे असेल ते बघावं आणि मग बाग निवडावी. पुढचं सगळं या एका गोष्टीच्या आधाराने सांगतो.

आधी महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस निर्धास्त. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारीही झाडाखाली सुखाने बसता येतं. अडचण एकच: याच दिवसांत शाळांच्या सहली निघतात. तीन-चार बस एकदम रिकाम्या झाल्या की आश्रमाच्या अंगणात पायरव वाढतो. सहलीच्या बस साधारण अकरापासून चारपर्यंत फिरत असतात, म्हणून सकाळचे दोन तास तुमचे. २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारी या तारखांना सेवाग्रामला यायचं ते गर्दीसाठी आणि कार्यक्रमासाठी, झाडांसाठी नव्हे.

झाडांचा शौक असेल तर माझं मत फेब्रुवारीच्या अखेरीला आणि मार्चला. दिवस तापायला लागलेला असतो, पण असह्य नसतो. रस्त्याच्या कडेला, शेतांच्या धुऱ्यांवर पळस पेटलेला असतो. पिंपळाची जुनी पानं गळून तांबूस कोवळी पालवी येते, आणि कडुनिंबाला मोहर आला की संध्याकाळी त्याचा मंद वास हवेत असतो. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळाधमक होतो, पण त्यासाठी ऊन सोसावं लागतं. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. यायचंच झालं तर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर फिरायचं, मधला वेळ कूलरसमोर घालवायचा. डोक्याला आणि कानांना दुपट्टा बांधा. टोपी पुरत नाही, कारण इथली झळ बाजूने लागते. जुनी माणसं खिशात कांदा ठेवायला सांगतील. कांद्याबद्दल मी काही बोलत नाही, पण पाण्याची बाटली, ताक आणि पन्हं यांना पर्याय नाही.

पावसाळ्यात जिल्हा सुंदर दिसतो, पण काळी माती हा प्रकार पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना माहीत नसतो. पायवाट सोडून दोन पावलं शेतात टाकली की चपलेला शेर-दोन शेर चिखल लागतो आणि तो झटकून निघत नाही. पट्ट्याच्या, धुता येणाऱ्या सँडल घाला. गवतात पाय टाकताना खाली बघा आणि अंधार पडल्यावर हातात टॉर्च ठेवा, कारण साप इथे पूर्वीही होते आणि आजही आहेत. सेवाग्रामात गांधीजींच्या दफ्तरात साप पकडण्याचा चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा, हा तिथला रिवाज होता.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक खुलासा. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि दोन्ही वर्धा शहरालाच लागून आहेत. सेवाग्राम स्टेशनला पूर्वी वर्धा पूर्व म्हणत. नावावरून फसून, आश्रम समोरच असेल अशा समजुतीने लोक तिथे उतरतात आणि बॅगा ओढत चालू लागतात. आश्रम तिथून काही किलोमीटर लांब आहे, ऑटो करावाच लागतो. आपली गाडी कोणत्या स्टेशनवर थांबते ते तिकिटावर बघा आणि कुठेही उतरलात तरी ऑटो दिवसभरासाठी ठरवून घ्या. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी येळाकेळीला उतरावं.

आता दिवसाची आखणी. उजाडताच गोपुरी गाठा. गोपुरी वर्धा शहराच्या कडेलाच आहे. जमनालाल बजाज यांनी शेवटच्या दिवसांत गोसेवेला वाहून घेतलं, तेव्हा ते इथेच झोपडीत राहत असत. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ इथे गीताई मंदिर उभं राहिलं आणि १९८० साली विनोबा भावे यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मंदिर म्हटलं की गाभारा, कळस, घंटा डोळ्यांपुढे येते. इथे यातलं काहीच नाही. मूर्ती नाही, छप्पर नाही. ग्रॅनाइटच्या उभ्या शिळांची भिंत आहे आणि तिच्या कुशीत बाग आहे. या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय, सातशे श्लोक कोरलेले आहेत. मांडणी गाय आणि चरखा यांच्या आकारांवरून घेतलेली आहे, पण जमिनीवरून चालताना ते आकार कळत नाहीत. कळावेत म्हणून धडपडू नका.

गीताई विनोबांनी १९३० आणि १९३१ या वर्षांत लिहिली. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, मराठीत हवी होती, ही त्यामागची ओढ. म्हणजे ही बाग वाचायची बाग आहे. आणि दगडावरचं अक्षर वाचायला तिरपं ऊन लागतं. सकाळी सूर्य खाली असतो, त्याचा उजेड शिळेवर कडेने घसरतो, प्रत्येक अक्षराच्या खाचेत बारीक काळी सावली पडते आणि ओळ उठून दिसते. दुपारी बारानंतर तीच शिळा सपाट, करडी होते, डोळे बारीक करूनही वाचता येत नाही आणि दगड तापून त्याची धग अंगावर येते. संध्याकाळी पुन्हा अक्षर उघडतं, दुसऱ्या अंगाच्या शिळांवर. तेव्हा येताना ज्या बाजूला ऊन तिरपं पडलंय त्या बाजूने चालायला लागा. पहिल्या अध्यायापासून सगळं वाचायचा हट्ट नको. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना बारावा किंवा पंधरावा अध्याय शोधायला सांगा. पाठ असलेला श्लोक दगडावर सापडला की त्यांचे पाय दुखायचे थांबतात, हे मी पाहिलंय. मुलांना आपापल्या वाढदिवसाच्या तारखेचा श्लोक शोधायला लावा, तेवढाच त्यांचा अर्धा तास.

शेजारीच विश्वशांती स्तूप आहे. पांढराशुभ्र, चार दिशांना बुद्धाच्या चार मूर्ती, बाजूला लहानसं जपानी बौद्ध मंदिर आणि मोठा बगिचा. याची कल्पना जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी यांची. ते १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, आणि आश्रमात सगळे त्यांना गुरुजी म्हणू लागले. या दौऱ्यात आखीव-रेखीव म्हणावी अशी बाग हीच. कापलेली हिरवळ, ओळीत लावलेली रोपं, सरळ वाटा. पण पांढऱ्या रंगाचा आणि उन्हाचा हिशोब इथेही आहेच. पायात काही न घालता प्रदक्षिणा घालायची असते आणि तापलेली फरशी अनवाणी पायांना माफ करत नाही. नऊच्या आत फरशी थंड असते. त्यानंतर आलात तर मोजे घाला. शहाणे लोक पिशवीत जाड मोज्यांचा एक जोड ठेवतात.

इथून निघालात की नाश्ता करा. वर्ध्यात सकाळी तर्री-पोहे मिळतात. पोटाला सवय नसेल तर तर्री बाजूला मागा. पुढे उन्हात फिरायचं आहे.

दहाच्या सुमाराला सेवाग्राम. ऊन चढत असताना हीच जागा का, तर जिल्ह्यात माणसांसाठी इतकी जमलेली सावली दुसरीकडे नाही. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. विदर्भात दुसरं शेगाव आहे, पत्रं तिकडे जायची, म्हणून पुढे १९४० साली नाव सेवाग्राम झालं. एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे ऐन उन्हात ते आले, हे लक्षात ठेवून कुटी बघा. कुटीचा खर्च पाचशे रुपयांच्या वर जाता कामा नये आणि सामान आजूबाजूच्या गावांतलंच हवं, अशी त्यांची अट होती. म्हणून माती, बांबू, कूड आणि वर कवेलू. भिंती जाड, ओसरी खोल, खिडक्या बुटक्या. बाहेर पारा चढत असताना या ओसरीत बसून पाहा. झाड आणि घर मिळून सावली कशी करतात, ते कळायला पुस्तक लागत नाही.

आश्रमात शिरल्यावर लोक सरळ बापू कुटीकडे चालू लागतात. तुम्ही आधी प्रार्थनाभूमीपाशी थांबा. तिथला पिंपळ गांधीजींनी १९३६ साली लावला, आणि बकुळ कस्तुरबांनी. पिंपळ आता नव्वदीत आहे. त्याच्या खोडाची साल हाताने नव्हे, नजरेनेच बघा. दिवसाला शेकडो हात लागले तर कुठलंही झाड थकतं. पिंपळाखाली उभं राहून वर बघितलं की वाऱ्याची झुळूक खालपर्यंत येण्याआधी पानांत पोचलेली दिसते. देठ लांब असल्याने पिंपळाचं पान जरा हलक्या वाऱ्यातही सळसळतं, अगदी शेजारचा निंब स्तब्ध असतानाही. बकुळीचं उलट. तिची पानं गडद, दाट, चकचकीत. तिची सावली काळीशार. फुलांच्या दिवसांत खाली मातीवर बारीक, पिवळट पांढऱ्या चांदण्या पडलेल्या असतात. फांदीवरचं फूल तोडायचं नाही, पडलेलं उचलायला हरकत नाही. बकुळ सुकली तरी वास सोडत नाही, म्हणून वहीत ठेवायला तीच बरी.

मग कुट्या. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, आखरी निवास, परचुरे कुटी. प्रत्येकीची गोष्ट आहे आणि तिथले कार्यकर्ते ती सांगतात, मी इथे सांगत बसत नाही. परचुरे कुटीपाशी मात्र थांबा. कुष्ठरोग झालेले संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री इथे राहत आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. आजारी माणसासाठी कुटी बांधताना हवा, उजेड आणि झाड यांचा विचार केलेला आहे की नाही, ते बाहेरून एक फेरी मारून बघा. आत फोटो काढण्याआधी विचारा. बोलणं हळू ठेवा. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी इथून गेले ते परत आलेच नाहीत. पण झाडं त्यानंतरही वाढत राहिली, त्यामुळे आज दिसणारी सावली त्यांनी स्वतः पाहिलेली नाही.

झाडांबद्दल इथले लोक हळवे आहेत, त्याला कारण आहे. २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करायला कडेची जुनी झाडं कापायला घेतली तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. तुमचा ऑटो याच रस्त्याने जाईल. चालकाला विचारा, तो कुठे किती झाडं होती ते हात करून दाखवील. कुठल्याही बागेत हा माझा नेम आहे: फलकापेक्षा तिथल्या माणसाला विचारावं. माळी हातात नळी धरून उभा असेल तर ‘हे कुठलं झाड?’ एवढ्यावर न थांबता ‘याला पाणी कधी घालता, याला कीड लागते का, हे कधीपासून आहे?’ असं विचारा. ‘भाऊ’ म्हणून सुरुवात केली की गप्पा लांबतात. आणि हे पर्यटकांसाठी आखलेल्या ठिकाणी जास्तच खरं: फलक लिहिणारा बदलीवर जातो, माळी तिथेच असतो.

दुपारचं जेवण आश्रमाच्या परिसरातच घ्या. जवळच्या प्राकृतिक आहार केंद्रात साधं, कमी तिखटाचं जेवण मिळतं. मुक्काम करायचा असेल तर समोर यात्री निवास आहे, आगाऊ फोन करून जागा विचारून घ्या. जिल्ह्यात दारूबंदी आहे, तो विषय प्रवासाआधीच संपवून टाका.

एक ते साडेतीन हा वेळ कुठल्याही उघड्या बागेत काढू नका. हा वेळ मगनवाडीचा. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालालजींनी आपला बगिचा आणि त्यातलं घर त्याच्यासाठी देऊन टाकलं. मगनलाल गांधी यांच्या नावावरून ती मगनवाडी झाली. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे काम करत. सेवाग्रामला जाण्याआधी गांधीजीही तिथेच होते. म्हणजे मुळात ती फळबागच, नंतर ती कारखाना आणि प्रयोगशाळा झाली. १९३८ साली गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. आत चरखे, घाण्या, शेतीची आणि घरची हत्यारं आहेत. ऊन बाहेर आणि तुम्ही आत, असा हा हिशोब.

ऊन उतरलं की पवनार. धाम नदीच्या काठावर परंधाम आश्रम आहे, नागपूर रस्त्याला लागून. संपूर्ण दौऱ्यात एकाच ठिकाणी जास्तीचा तास द्यायचा असेल तर मी इथे देईन. विनोबा १९३८ साली इथे आले तेव्हा त्यांची प्रकृती खालावली होती. औषधाऐवजी त्यांनी कुदळ हातात घेतली. सुरुवातीला थोडी मिनिटंच खणायचं, रोज थोडं वाढवत न्यायचं. तब्येत सुधारत गेली, आणि खणता खणता जमिनीतून जुन्या मूर्ती निघू लागल्या. राम-भरत भेटीचं शिल्प त्यातलंच. पवनार हे वाकाटकांचं प्रवरपूर असावं, असं मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. आश्रमात ही शिल्पं बघायला मिळतात. बागेत माती उकरताना इतिहास निघावा, असं भाग्य फार थोड्या माळ्यांना मिळतं.

१९५९ साली विनोबांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. ते आजही चालू आहे, आणि शेती-बागेचं कामही आश्रमवासीच करतात. तेव्हा हे लक्षात ठेवा की इथे तुम्ही उद्यानात नाही, कुणाच्या घरात आला आहात. वाफ्यांमधून चालू नका, भाजीपाल्याचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, मोबाइलवर गाणी लावू नका. काम चाललं असेल आणि तुम्हाला वेळ असेल तर काही मदत करू का, असं विचारायला लाज वाटू देऊ नका. पूर्वी इथे बैलांशिवाय, निव्वळ हाताने शेती करण्याचे प्रयोग झाले. विनोबा त्याला ऋषिशेती म्हणत. एखादा वाफा निंदून बघितला की त्या प्रयोगाची कल्पना कंबरेलाच येते.

नदीच्या पात्रात खडक आहेत आणि गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित केल्या, त्या जागी स्मारक आहे. हिवाळ्यात पाणी उथळ असतं आणि संध्याकाळी खडकांवर बसायला छान वाटतं. पावसाळ्यात मात्र घाटाच्या पायरीपलीकडे जाऊ नका. वर धरणं आहेत, खाली पाऊस नसतानाही पाणी वाढू शकतं. मुलांचा हात सोडू नका. खडकावर शेवाळ असतं.

प्रार्थना ऐकायची असेल तर क्रम उलटा करा: पवनार सकाळी, सेवाग्राम संध्याकाळी. पिंपळाखालच्या मोकळ्या प्रार्थनाभूमीवर रोज सर्वधर्म प्रार्थना होते आणि तिची सुरुवात जपानी बौद्ध मंत्राने होते. फुजी गुरुजींची ही आठवण. सकाळी स्तूप पाहिलेला असला की हा धागा लगेच जुळतो. जमिनीवर बसायचं असतं. गुडघे दुखत असतील तर लहान चटई किंवा घडीचं स्टूल सोबत ठेवा. डासांसाठी पायमोजेही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर वर्धा शहरातली हनुमान टेकडी पाहा. उघड्याबोडक्या टेकडीवर वैद्यकीय जनजागृती मंचाच्या लोकांनी झाडं लावली आणि जगवली. सकाळी फिरायला येणाऱ्या वर्धेकरांशी चार शब्द बोलायचे असतील तर जागा हीच. विदर्भातल्या मुरमाड टेकडीवर रोप लावणं सोपं, दोन उन्हाळे काढणं कठीण. कुठली झाडं टिकली ते बघून ठेवा, तुमच्या गावाला उपयोगी पडेल. बोर अभयारण्य सेलू तालुक्यात आहे, २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झालं. ती बाग नव्हे, जंगल आहे, त्यामुळे नियम वेगळे: आरक्षण आगाऊ, गाडीतून खाली उतरायचं नाही, प्लास्टिक न्यायचं नाही. एक मात्र सांगतो, उन्हाळ्यात तिथे सावलीच्या अपेक्षेने जाऊ नका. साग त्या दिवसांत पानं टाकून उघडा उभा असतो. प्राणी दिसायला ते बरं, माणसाला बसायला नाही.

ऊन बघून बाग निवडायची ही सवय पुढच्या प्रवासातही कामी येते. नागपूरचा महाराजबाग झाडोऱ्याचा आहे, दुपारीही निभतं. पुण्याची एम्प्रेस गार्डन जुन्या वृक्षांची आणि अजस्र वेलींची, तिथे अकरानंतर गेलं तरी चालतं. पण सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घेतलेलं आहे. हिरवळ, पाणी, मोकळं आकाश. तिथे सकाळी किंवा संध्याकाळीच जावं. मुंबईचा राणीचा बाग १८६२ सालचा. तिथे लोक पेंग्विन बघायला रांग लावतात आणि दीड शतकाच्या झाडांखालून न बघता जातात. तुम्ही रांग सोडून झाडं बघा, तीच जास्त जुनी आहेत.

नवीन बागेत शिरल्यावर करायचं काय, तर आधी बसायचं. आल्या आल्या चालायला लागलं की नजर फुलांवरून फुलांवर उड्या मारत राहते आणि फोटोंखेरीज हाती काही लागत नाही. पंधरा मिनिटं एका जागी बसलं की उन्हाचा कवडसा सरकताना दिसतो, मुंग्यांची वाट दिसते, कोणत्या झाडावर पक्षी येतात ते कळतं. मग उठायचं आणि त्या झाडापासून सुरुवात करायची. मुलं बसत नाहीत हे मान्य. त्यांना वेगवेगळ्या आकाराची दहा गळलेली पानं गोळा करायला सांगा, तोवर मोठ्यांचं बसून होतं.

घरी जाताना काय न्यायचं, हाही प्रश्न असतोच. आश्रमातून रोप किंवा कलम उपटून नेऊ नका, पिंपळाचं पान ‘प्रसाद’ म्हणून तोडू नका. त्याऐवजी वर्ध्यात गोरस भंडारातून गोरस पाक घ्या. गोसेवेतून सुरू झालेल्या संस्थेचा हा पदार्थ प्रवासात टिकतो आणि नातेवाईक त्याची वाट बघतात. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद मिळाली तर घ्या. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. भाजीत नेहमीपेक्षा कमी घाला, रंग जास्त येतो. हंगाम असेल तर कारंजा-आष्टीकडची संत्री किलोने घेण्यापेक्षा रस्त्याकडेच्या गाड्यावरून एक फोडून, चाखून घ्या. सालीवर डाग असलेलं संत्रं मागे टाकू नका. आंबिया बहाराचं थोडं आंबटसर आणि मृग बहाराचं जास्त गोड, असं विकणारा सांगेल. तुमच्या तोंडाला जे रुचेल ते घ्या. आणि कापड हवं असेल तर मगन संग्रहालयात वनस्पतींच्या रंगात रंगवलेली खादी मिळते. धुण्याची पद्धत तिथेच विचारून घ्या. पहिल्या दोन-तीन धुण्यांत ती इतर कपड्यांबरोबर भिजवू नका, आणि वाळत घालताना सावलीत घाला.